यादोरावाच्या पोटातलं

जवाहरनगर,
११ नोव्हेंबर २०२४

मोठी आई,

पाया पडते. आठ वर्षांनी लिहिते आहे, तेव्हा फाडायचंच असेल तर निदान हे पान वाचून फाड.

मी कामिनी, तुझ्या दिराची, यादोरावांची. अक्षर ओळखलं असशील, तूच गिरवून घेतलं होतंस. आई गेली तेव्हा मी पाच वर्षांची होते आणि सोळाव्या वर्षापर्यंत तुझ्याच चुलीपाशी वाढले, हे विसरलेले नाही. लग्नाला तुला बोलावलं नाही हेही विसरलेले नाही. आता इथे फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये असते. योगेंद्र फॅक्टरीत आहेत. गोलू चौदा महिन्यांचा झाला.

फोन करून पाहिला. मोठ्या बाबांच्या तेरवीपासून भुपेंद्रदादाने आमच्या घरचे सगळे नंबर बंद करून ठेवले आहेत असं कळलं. म्हणून पत्र. माझा नंबर खाली लिहिते.

एकच विचारायचं आहे. रागावू नकोस. त्या वर्षी गावच्या मंडईच्या, जत्रेच्या दिवशी बाबा तुमच्याकडे जेवले, तेव्हा तू त्यांना काय काय खाऊ घातलं होतंस? ते आले तेव्हा त्यांची तब्येत कशी होती? आठवेल ते सगळं लिही. कशासाठी ते मग सांगते. मला इथे बसवत नाही, उठवत नाही, असं झालं आहे. लवकर लिही.

तुझी,
कामिनी


दिघोरी,
१६ नोव्हेंबर

कामिनी,

आशीर्वाद देते, कारण तो अडवून ठेवता येत नाही. राग आला आहे, तोही अडवत नाही.

आठ वर्षांनी पोरगी पत्र लिहिते आणि विचारते काय, तर काय खाऊ घातलंस! पत्र आलं तेव्हा मी खळ्यावर धानाच्या पुंजण्यापाशी होते. वाचलं, घरी आले, परत खळ्यावर गेले, पुन्हा वाचलं. चुलीवरचं वरण करपलं. भुपेंद्रने विचारलं काय झालं, तर त्याच्यावर ओरडले. त्याचा काय दोष?

तर लिहून घे. भात. लाखोरीच्या डाळीचे वडे. कोचईच्या पानांची भाजी. तांदळाची खीर. मंडई म्हणजे घरोघरी पाहुणे, आमच्याकडे वीस पानं होती आणि सगळ्यांना चुलीवरच्या एकाच मोठ्या गंजातलं वाढलं. वीसांतल्या एकोणीस जणांना ढेकर आली, तुझ्या बाबांना तेवढी ओकारी. ते आले तेच पोट दाबत. ओसरीवर बसले आणि म्हणाले, "वहिनी, आधी मले थोडासा भात दे. पोटात आग पडली. काई खाल्लं का बरं वाटते." मी दूधभात दिला. बरं वाटलं त्यांना. ही आग काही त्या दिवसाची नव्हती. कित्येक महिने पहाटे उठून शिळा भात खात होते, तूच मला सांगितलं होतंस. मग पंगतीत बसले, वडे मागून घेतले. दोन-तीन तासांनी ओकले आणि त्यात रक्त निघालं.

दवाखान्यातून सलाईन लावून आले. नीट तपासायला नागपूरला न्या म्हणाले होते तिथे, कोणी नेलं नाही. तुझ्या आजीने पोटातलं काढणारा तो नळीवाला बोलावला. तुला आतल्या खोलीत बसवलं होतं, म्हणून तू पाहिलं नाहीस. त्याने पोटावर नळी लावली, ओढल्यासारखं केलं आणि आपल्या तोंडातून केसांचा गोळा काढून दाखवला. "घरच्याच बाईनं खाऊ घातलं," म्हणाला. नाव त्याने घेतलं नाही. नाव तुझ्या आजीने घेतलं. "रुखमिणीनंच घातलं. माह्या लेकाचं बरं झालेलं तिले पाहावत नाई." ओसरीभर माणसं होती. नळीवाल्याने सांगितलं, सव्वा वर्ष याने आईच्या हातचंच खायचं, आणि त्या बाईच्या हातचं जन्मात नाही.

मी तेव्हा अंगणवाडीत मदतनीस होते. अकरा वर्षं लेकरांची खिचडी शिजवली. आठ दिवसांत अर्ध्या आया लेकरांना घरचे डबे देऊ लागल्या. मीच काम सोडलं. आजही गावात लग्न असलं की मला तांदूळ निवडायला बसवतात, शिजवायला नाही. तुझे मोठे बाबा गेले, सख्खा भाऊ, तर तेरवीला तुझे बाबा आले आणि माझ्या घरच्या पाण्याच्या पेल्यालाही शिवले नाहीत. भुपेंद्रने नंबर बंद केले ते त्या दिवशी. मी त्याला अडवलं नाही.

आता मला खरं सांग. तुझ्या सासरी कोणी हे उकरून काढलं आहे का? गोलूला काही झालं आणि तुझ्यावर कोणी आळ घेतला का? काकीच्या वळणावर पुतणी गेली, असं कोणी म्हणत असेल तर नाव कळव. मी एसटीत बसून येते आणि एकेकाला विचारते.

मोठी आई


जवाहरनगर,
२० नोव्हेंबर

मोठी आई,

माझ्यावर कोणी आळ घेतला नाही. गोलू बरा आहे. गल्लीपलीकडच्या आमच्या घराला कुलूप दिसलं असेल; मी तुझ्यापासून लपवलं ते एवढंच की बाबा इथे आजारी आहेत, आणि आजीही इथेच आहे.

दिवाळीनंतर बाबांना चक्कर यायला लागली. शौचाला तर दिवाळीच्या आधीपासूनच डांबरासारखं काळं होत होतं, ते त्यांनी महिनाभर कोणाला सांगितलं नाही. इथे आणलं आणि दुसऱ्याच दिवशी न्हाणीघरात पडले. भंडाऱ्याला भरती केलं, दोन बाटल्या रक्त चढवलं. मग दुर्बीण आत टाकून पाहिलं. आतड्याच्या सुरुवातीलाच मोठी जखम आहे, अल्सर, आणि तिच्या शेजारी जुन्या, भरून आलेल्या जखमांचे वण. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हे कधीपासून? म्हणून मी तुला तसं पत्र लिहिलं. तुझं उत्तर मी त्यांना वाचून दाखवलं. रागाचा भाग सोडून. त्या म्हणाल्या, रिकाम्या पोटी आग आणि खाल्लं की आराम, हे या आजाराचंच लक्षण आहे. त्या दिवशी जे रक्त पडलं ते आधीपासून असलेल्या जखमेतलं. वड्यांचा काही संबंध नाही.

आणि आतला बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवला होता, त्याचा रिपोर्ट परवा आला. मोठी आई, जंतू आहेत! हेलिकोबॅक्टर पायलोरी असं नाव. पोटातल्या आम्लातही जगतात, आतलं अस्तर सुजवतात आणि वर्षानुवर्षं तसेच राहतात. बहुतेकांना लहानपणीच लागतात. पुष्कळ लोकांच्या पोटात असतात आणि काहीच होत नाही, काहींना मात्र अशी जखम होते. चौदा दिवसांच्या गोळ्या आहेत. मग महिनाभराने पुन्हा तपासायचं.

मला वाटलं, सुटली माझी मोठी आई! मी रिपोर्ट घेऊन बाबांच्या खाटेपाशी बसले आणि सगळं समजावून सांगितलं. ते ऐकत राहिले. मग काय म्हणाले माहीत आहे? "जंतू आपल्या पायानं थोडीच चालत गेले पोटात? कोनीतरी घातलेच असतीन नं." आणि भिंतीकडे तोंड करून निजले. आजी मान हलवत होती. म्हणाली, "मी तं पयलेच सांगतलं होतं."

मी काय करू? इतका मोठा कागद हातात आहे आणि त्याचा उपयोग होत नाही.

कामिनी


दिघोरी,
२५ नोव्हेंबर

कामिनी,

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग रडले, मग अंगण झाडलं. सकाळी एकदा झाडलं होतं.

केस होते तेव्हा मी केस घातले. आता जंतू निघाले तर मी जंतू घातले. उद्या तुझ्या बाबांच्या पोटातून हत्ती निघाला तरी लोक म्हणतील, रुखमिणीकडे माहूत होता. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड!

आता मी गप्प बसणार नाही. एवढी वर्षं बसले, कारण माझ्याकडे सांगायला काही नव्हतं. मी नाही घातलं, एवढंच म्हणत होते, आणि ते तर घालणारीही म्हणते. आता डॉक्टरचा कागद आहे. तू त्या बाईंना सरळ विचार: लहानपणी लागतात म्हणजे कोणाकडून? मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तुझे बाबा बारा वर्षांचे होते. त्याआधी लागलं असेल तर कोणीतरी दुसरं आहे. कोण, ते मला पाहिजे. नाव पाहिजे. माझं नाव ज्या ओसरीवर घेतलं, त्याच ओसरीवर दुसरं नाव घेतलं जाईल तेव्हाच हे सुटेल. नुसतं "जंतू" म्हणून कोणाचं समाधान होत नाही, तुझ्या बाबांचं झालं नाही, तर गावाचं काय होणार? रिपोर्टची झेरॉक्स पाठव.

आणि गोळ्यांवर लक्ष ठेव. तुझे बाबा कोणतंही काम अर्ध्यात सोडतात. विहीर अर्धी खणली, दहावी अर्धी केली. गोळ्यांचंही तेच करतील. समोर उभी राहून गिळायला लाव आणि तोंड उघडून पाहा.

मला रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. लवकर विचार.

मोठी आई


जवाहरनगर,
२ डिसेंबर

मोठी आई,

झेरॉक्स सोबत आहे.

तू म्हणालीस तेच झालं. सहाव्या दिवसापासून बाबा गोळ्या घेत नव्हते. उशीच्या खोळीत सापडल्या. म्हणतात, तोंडात लोखंड चाटल्यासारखं लागते, मळमळते, "आतलं घातलेलं वर येऊन राहिलं." डॉक्टरीणबाई खूप रागावल्या. अर्धवट घेतलं की जंतू निर्ढावतात, आता दुसऱ्या गोळ्या पहिल्यापासून द्याव्या लागतील. बाबा नाही म्हणून बसले आहेत. त्यांना वाटतं, घालणारीचा बंदोबस्त झाल्याशिवाय गोळ्या लागू पडणार नाहीत. रक्त पुन्हा सुटलं तर काय होईल ते बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं. ते मी लिहीत नाही.

तुझा प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, नक्की कोणाकडून हे कोणत्याच तपासणीत सांगता येत नाही. पाण्यातूनही लागतं, हातातूनही. पण घरात लहान लेकराला लागतं ते पुष्कळदा आईकडून. एका ताटात जेवणं, एक पेला, आणि आपण चावून लेकराच्या तोंडात घास घालणं.

मोठी आई, मी तिथेच खुर्चीवर बसून राहिले. कारण सकाळीच मी स्वयंपाकघरातून पाहिलं होतं. आजी पोळी चावत होती आणि बोटाने गोलूला भरवत होती. रोज भरवते. मला कौतुक वाटायचं. "तुह्या बापालेबी असंच मोठं केलं," म्हणायची.

तुला नाव पाहिजे होतं. हे घे. जिने तुझं नाव घेतलं, तिचंच.

मी ठरवलं आहे. येत्या रविवारी योगेंद्र घरी असतील. त्यांच्यासमोर, बाबांसमोर, आजीला सगळं सांगणार. कागद पुढे ठेवून. गोलू वाचेल, बाबा गोळ्या घेतील, आणि तू सुटशील. एका दगडात तीन. मला आता धीर धरवत नाही. रविवार कधी येतो असं झालं आहे.

कामिनी


दिघोरी,
६ डिसेंबर

कामिनी,

रविवारी काही सांगू नकोस.

हे पत्र शनिवारपर्यंत पोचावं म्हणून स्वतः पोस्टात जाऊन देणार आहे. काल शेजारच्या शकुनबाईचा फोन मागून तुझा नंबर लावला. उचलला तुझ्या आजीने. "हालो, कोन बोलते?" मी फोन कानाला दाबला. "कोन हाय वो? कामिनी लेकराले आंघोळ घालून राहिली." आठ वर्षांनी तो आवाज माझ्याशी सरळ बोलला आणि मी फोन ठेवून दिला. पुन्हा लावला असता, पण शकुनबाई कान देऊन उभी होती. तिच्या कानावर गेलं की गावाच्या कानावर गेलंच.

तुझं पत्र वाचून मला आधी काय झालं ते सांगते, नाहीतर मला देवमाणूस समजशील. आनंद झाला. इतका की पाय जमिनीवर ठरेनात. चांगलं लुगडं नेसले, पत्र पदरात बांधलं आणि बोअरिंगवर निघाले. सकाळी सगळ्या बाया तिथे असतात. काय बोलायचं तेही चालता चालता ठरवलं होतं: गिरजाबाईनंच घातलं आपल्या लेकाच्या पोटात, दुसऱ्याचं नाव कायले घेता? देवकाबाईने पाहिलं आणि म्हणाली, "आज लय नटली वो रुखमिणी?" आणि मला तोंड उघडेना. कारण ते वाक्य माझ्या ओळखीचं होतं. माझ्यावर फेकलेलंच होतं ते, मी फक्त नाव बदललं होतं. पाणी न भरताच परत आले.

तुला माहीत नाही, मी सांगते. तुझ्या मोठ्या बाबांनंतर तुझ्या आजीची दोन लेकरं गेली. एक दीड वर्षाचं, एक सहा महिन्यांचं. मग तुझे बाबा झाले. तिला दूध नव्हतं, अंगात ताप होता, घरात तांदळाच्या कण्यांशिवाय काही नव्हतं. कण्या शिजवायची, आपण चावायची आणि बोटाने त्याच्या तोंडात सारायची. स्वतः उपाशी राहून. मी नवी नवरी असताना हे तिने मला दहा वेळा सांगितलं असेल. "माह्या तोंडातला घास देऊन जगवलं त्याले." तिच्या साऱ्या जन्मात तिने मोठं असं केलं ते हेच. आता तू तिला सांगणार की त्याच घासाने त्याचं पोट सडलं?

तुझ्या हातचं खाऊन लेकरू आजारी पडलं, हे ऐकून घेणं कसं असतं ते मला विचार. मी खोटं होतं म्हणून सोसलं. पंच्याऐंशीच्या वर गेलेल्या बाईला ते खरं म्हणून सोसावं लागेल. आणि तुझ्या डॉक्टरीणबाई स्वतःच म्हणतात, नक्की सांगता येत नाही.

गोलूचं मात्र आजच थांबव. आजीला म्हण, त्याला दात आलेत, डॉक्टर म्हणतात स्वतः चावू दे. यात खोटं काही नाही. ताट-पेले सगळ्यांचेच वेगळे कर, म्हणजे तिला एकटीला टोचणार नाही. बाबांना म्हण, घालणारी सापडली, तिचा बंदोबस्त झाला, आता गोळ्या लागू पडतील. माझं नाव घेतलंस तरी चालेल. रुखमिणीने कबूल केलं म्हण.

मला माझं नाव परत पाहिजे, कामिनी. खूप पाहिजे. पण असं नको.

मोठी आई


जवाहरनगर,
११ डिसेंबर

मोठी आई,

तुझं पत्र सोमवारी आलं. मी रविवारी बोलून बसले होते.

कसं लिहू? जेवणं झाली होती. मी रिपोर्ट काढला, जसं तुला लिहिलं होतं तसं सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाले, "आजी, तू मोठ्या आईचं नाव घेतलं. पन हे तुह्याच घासातून गेलं असन." माझ्या आवाजात जीत होती, मोठी आई. मला ती ऐकू येत होती.

मला वाटलं होतं ती भांडेल. तिने एकच विचारलं, "गोलूलेबी?" मी म्हणाले, माहीत नाही, आत्ताच तपासायचं नाही म्हणतात, पण यापुढे नको. ती उठली, मोरीपाशी गेली आणि चुळा भरायला लागली. थांबेचना. योगेंद्रांनी नळ बंद केला तेव्हा थांबली.

तेव्हापासून गोलूला घेत नाही. तो "आजी, आजी" करत तिच्याकडे दुडदुडत जातो, ती पदराने तोंड झाकते आणि मागे सरकते. आपलं ताट मागच्या गॅलरीत घेऊन जाते. खाते की नाही कळत नाही. काल मला म्हणाली, "मले दिघोरीले नेऊन सोड. मी एकटीच बरी." मी पाया पडले, रडले, पाण्यातूनही लागतं म्हणून सांगितलं. ऐकत नाही.

बाबांनी मंगळवारपासून नव्या गोळ्या सुरू केल्या. न सांगता, घड्याळ लावून. चौदा दिवस. काल तुला पत्र लिहायला बसले होते. "सौ. वहिनीस" लिहिलं, मग मोठे बाबा गेले हे आठवून खोडलं, मग कागदच फाडला. तीन कागद फाडले. मग गॅलरीत जाऊन आजीशेजारी बसले.

परवा शुक्रवारी योगेंद्र आजीला सोडायला येत आहेत. बाबांना मी इथून हलवू शकत नाही, म्हणून मलाही येता येत नाही. आमचं तिथलं घर महिनाभर बंद आहे, चूलही पेटलेली नाही. तुला सांगायला मला तोंड नाही. पण तिथे दुसरं कोण आहे?

मी घाई केली. तुझं पत्र दोन दिवस आधी आलं असतं तर, असं मनात येतं, आणि मग वाटतं, पत्राची वाट कशाला पाहायला हवी होती, मला स्वतःलाच कळायला नको होतं का?

कामिनी


दिघोरी,
१९ डिसेंबर

चि. कामिनीस,

आधी तुझ्या बाबांचं. त्यांना सांग, चिठ्ठी नको. कागद पुष्कळ झाले. चौदा दिवस पुरे करायचे, महिनाभराने तपासायचं, आणि मग दिघोरीला येऊन माझ्या अंगणात दिवसाढवळ्या पाटावर बसून जेवायचं. रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसेल असं. मला दुसरं काही नको.

आता आजीचं. जावई शुक्रवारी दुपारी तिला सोडून गेले. तांदूळ, डाळ, तेल ठेवून गेले, भला माणूस आहे. मी आमच्या ओसरीवरून पाहत होते. मधे फक्त गल्ली आहे. मी गेले नाही. तुला वाटलं असेल धावत जाईन. शनिवारीही गेले नाही. त्यांच्या घरातून धूर निघाला नाही, ते पाहिलं, आणि तरी गेले नाही. मनात म्हटलं, राहू दे, मीही राहिले. मग भाकरी टाकायला बसले तर पीठच मळवेना. उठले, बसले, गल्लीच्या टोकापर्यंत गेले, परत आले. भुपेंद्र म्हणाला, "माय, तू काहून अशी करून राहिली? जाची असन तं जा." मी म्हणाले, "मले नाई जाचं." रविवारी सकाळीही धूर नव्हता. तेव्हा गेले.

दार उघडं होतं. ती भिंतीला टेकून बसली होती. इतकी लहान झाली आहे, कामिनी. मला पाहून हात आडवा केला.

"दूर राह्य. माह्या तोंडात जंतू हायेत."

"असतीन. मलेबी असतीन. अर्ध्या गावाले असतीन. डाक्टरीन तसंच म्हनते."

"गोलूले भरवलं वो मी."

"गोलू चांगला हाय. खेळून राहिला. कामिनीचं पत्र आलं मले."

मग ती म्हणाली, "यादोच्या पोटात मीच घातलं. अन् नाव तुह्यं घेतलं."

हे तिच्या तोंडून ऐकायला मी आठ वर्षं थांबले होते. वाटायचं, ऐकलं की छाती हलकी होईल. झाली नाही. उलट रागच आला, की आता हिच्यावर धड ओरडताही येणार नाही. मी आत गेले, चुलीपाशी काटक्या ठेवल्या आणि म्हणाले, "मले भूक लागली. भात मांड."

"माह्या हातचा?"

"तुह्याच हातचा. माह्या हातचं आठ वर्सं कोनी खाल्लं नाई. मानूस कसा होते त्यानं, ते मले मालूम हाय. ऊठ."

उठली. साबणाने हात धुतले, कोपरापर्यंत, पुन्हा धुतले, पुन्हा धुतले. चौथ्यांदा निघाली तेव्हा मी तांब्या काढून घेतला. भात मांडला, वरण केलं. चाखून पाहिलं नाही, मीठ जास्त पडलं. मी दार लोटलं नाही, मुद्दामच. देवकाबाई घागर घेऊन चालली होती ती थांबली, आत वाकून पाहिलं. मी तिथे ताटावर बसलेली! तिला विचारल्यावाचून राहवेना.

"काय वो गिरजाबाई, हे कसं काय?"

तुझ्या आजीने पळी खाली ठेवली, पदर सावरला आणि मोठ्याने म्हणाली, "रुखमिणीनं काई घातलं नवतं. यादोचा रोग लहानपनचा व्हता. माह्याकून लागला. जा, सांग सगळ्याईले." देवकाबाई घागर तिथेच विसरून गेली. आता गावात दुसरं काही बोलणं नाही. काल दोन बाया मला विचारून गेल्या, संक्रांतीला लाखोरीचे वडे कोण करणार. मी अजून उत्तर दिलेलं नाही.

देवकाबाई गेल्यावर आम्ही दोघीच राहिलो. मी जेवत होते. ती समोर बसून माझ्या घासाकडे पाहत होती, एकेक घास आत जाईपर्यंत. मग विचारलं, "माफ केलं का वो मले?"

तुझ्याशी खोटं लिहीत नाही, तिच्याशीही बोलले नाही. "नाई केलं, माय. इतक्या लवकर नाई होत."

तिने मान हलवली. रडली नाही. म्हणाली, "पन जेवून राहिली नं तू."

"हो. जेवून राहिली."

मग तिने विचारलं, आणखी भात टाकू का. मी ताट पुढे केलं.

तुझी,
मोठी आई